पिवळ्या पानांपासून पहिल्या पानापर्यंत

वाळूजच्या एमआयडीसीतल्या एका जॉबवर्कच्या शेडमध्ये परवा बसलो होतो. बाहेर सीएनसी मशिनांचा आवाज, आत काचेच्या केबिनमध्ये मालक मोबाइलवर शोधाशोध करत होता. त्याने इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, ‘जॉबवर्क सॉफ्टवेअर औरंगाबाद’. शहराच्या ‘छत्रपती संभाजीनगर’ या नव्या नावाला केंद्राची मंजुरी मिळाली 24 फेब्रुवारी 2023 रोजी, पण बोटांना अजून जुनंच वळण आहे. उत्तरं आली. वरती जाहिराती, त्यांच्याखाली दोन-तीन ‘टॉप टेन’ याद्या आणि मग कुठे एकेका विक्रेत्याची नावं. त्यातला एक पत्ता बघून मालक हसला. तो होता बिहारमधल्या औरंगाबादचा.

शोधलं सॉफ्टवेअर आणि सापडल्या याद्या. गूगलने त्याला विक्रेत्याकडे नेलं नाही, यादीवाल्याकडे नेलं. हा यादीवाला कोण आणि इथवर कसा आला, हे सांगण्याजोगं आहे. त्याचा प्रवास आणि आपल्या शहराचा प्रवास एका काळातले आहेत.

सुरुवात मात्र यादी नव्हती तेव्हापासून करावी लागेल. ऐंशीच्या दशकात श्यामसुंदर गोएंका नावाचे एक व्यापारी गिरण्यांना आणि कारखान्यांना कच्चा माल व यंत्रांचे भाग पुरवत. धंद्याचे हिशेब सांभाळील असं सॉफ्टवेअर त्यांना हवं होतं. शोधलं, मनासारखं मिळालं नाही. मुलगा भरत गणिताचा पदवीधर होता. त्याला म्हणाले, तूच लिही. त्यातून 1986 साली ‘प्युट्रॉनिक्स’ ही कंपनी उभी राहिली आणि त्यांचं उत्पादन पुढे ‘टॅली’ म्हणून घराघरांत, म्हणजे दुकानादुकानांत, पोचलं. भारतातलं सर्वांत जास्त चाललेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर जन्माला आलं ते एक गिऱ्हाईक विक्रेता शोधून थकलं म्हणून. पुढे वीसेक वर्षांनी मुंबईत तसंच झालं. रुषभ मेहता यांच्या घरच्या फर्निचरच्या धंद्यात बसवलेली ईआरपी, म्हणजे सगळा कारभार सांभाळणारी प्रणाली, फसली, म्हणून त्यांनी स्वतःच एक लिहायला घेतली. ती आज ‘ईआरपीनेक्स्ट’ या नावाने मुक्त स्रोत म्हणून जगभर वापरली जाते. मधल्या काळात एवढ्या याद्या निघाल्या, तरी दुसऱ्या माणसालाही हवं ते सापडलं नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आमच्याकडे ऐंशीच्या दशकात काय होतं? बजाजचा वाळूजचा कारखाना 1985 साली सोळा महिन्यांत उभा राहिला आणि त्याच्या आजूबाजूला पुरवठादारांची रांग लागली. त्यातले काही एंड्युरन्स, वेरॉक यांच्यासारखे मोठे झाले. बरेचसे तीन लेथ आणि एका मिलिंग मशीनवरच राहिले. मी नव्वदच्या दशकात चिकलठाण्याला अशाच एका छोट्या कारखान्यात हिशेब लिहायला होतो. एक्साइजचा जमाना. आरजी-23ए पार्ट वन, पार्ट टू, पीएलए आणि जॉबवर्कच्या मालासाठी सत्तावन्न-एफ-फोरची चलनं. पार्टीकडून आलेला माल अमुक दिवसांत प्रक्रिया करून परत गेला पाहिजे, किती नग गेले, किती रिजेक्ट, किती वजन टर्निंगच्या स्क्रॅपमध्ये गेलं, हे चलनागणिक जुळलं पाहिजे. दिल्ली-बंगळूरच्या तयार पॅकेजला यातलं काही कळत नसे. त्याला विक्री कळे, खरेदी कळे. दुसऱ्याचा माल आपल्या शेडमध्ये येऊन आपला न होता परत जातो, हे त्याच्या डोक्यात बसत नसे.

म्हणून आमचा सॉफ्टवेअरवाला सीएच्या ओळखीने आला. फॉक्सप्रो येणारा शहरातलाच मुलगा, स्कूटरवर, शर्टाच्या खिशात फ्लॉपी. त्याने आमची चलनं समजून घेतली, दोन महिन्यांत प्रोग्रॅम लिहिला आणि तो उत्तम चालला. मग त्याला पुण्यात नोकरी लागली. जाताना सोर्स कोड देतो म्हणाला, दिला नाही. पुढच्या बजेटमध्ये नियम बदलला आणि आम्ही पुन्हा रजिस्टरवर आलो. त्याला शोधायला मी टेलिफोनची डिरेक्टरी उघडली होती, हे आठवून आता हसू येतं.

डिरेक्टरीचा धंदा त्याच सुमारास मोठ्या कोर्टात गाजत होता. ‘टाटा प्रेस यलो पेजेस’ या पिवळ्या पानांच्या पुस्तकावर महानगर टेलिफोन निगमने आक्षेप घेतला होता की ग्राहकांची यादी छापण्याचा हक्क फक्त आमचा. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली निकाल दिला तो टाटा प्रेसच्या बाजूने. पिवळी पानं म्हणजे टेलिफोनची यादी नव्हे, त्या जाहिराती आहेत. आणि व्यापारी जाहिरात हाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असं न्यायालय म्हणालं. वकील मंडळी या निकालाकडे घटनेच्या अंगाने पाहतात. मला त्यातलं पहिलं वाक्य महत्त्वाचं वाटतं: ही यादी नाही, जाहिरात आहे. पुढच्या तीस वर्षांची गोष्ट त्यात आली.

त्याच वर्षी 15 ऑगस्टला विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. आणि 1996 हे साल असं निघालं की आज ज्यांच्या पानांवर आपण सॉफ्टवेअर शोधतो, त्यातली दोन मोठी नावं त्याच वर्षी जन्मली. मुंबईत जस्टडायल, दिल्लीत इंडियामार्ट. (ज्याचं सॉफ्टवेअर या याद्यांमध्ये हमखास वर दिसतं, त्या झोहोची मूळ कंपनी अ‍ॅडव्हेंटनेट हीसुद्धा 1996 चीच. पत्रिका पाहणाऱ्यांनी विचार करावा.)

जस्टडायलचे व्ही. एस. एस. मणी मूळचे पिवळ्या पानांच्या धंद्यातलेच. जाड पुस्तक छापायचं, ते छापून होईपर्यंत निम्मे नंबर बदललेले. त्यापेक्षा माणसाने फोन करून विचारावं आणि आपण सांगावं, ही त्यांची कल्पना. 1989 साली ‘आस्कमी’ नावाने त्यांनी ती करून पाहिली, पण तेव्हा देशात फोनच थोडे. विचारणार कोण आणि सांगणार कोणाचा नंबर? प्रयोग बसला. सात वर्षांनी, हाताशी पन्नासेक हजार रुपये, भाड्याचं फर्निचर आणि 888 8888 हा लक्षात राहणारा क्रमांक घेऊन ते मुंबईत पुन्हा उभे राहिले. फोन उचलणारी मुलगी विचारायची, “कुठल्या भागात हवं?” आणि दोन-चार नावं सांगायची. विचारणाऱ्याला हे सगळं फुकट. पैसे कोण द्यायचं? ज्याचं नाव आधी सांगितलं जाई, तो.

इथे कुणी फसवत नव्हतं. प्लंबर हवा असेल तर पहिला काय, तिसरा काय, नळ गळायचा थांबला की झालं. पण हिशेबाचं सॉफ्टवेअर ही नळाची दुरुस्ती नाही. तो घरोबा आहे. एकदा तीन वर्षांचे हिशेब एका सॉफ्टवेअरमध्ये गेले की ते सोडणं म्हणजे बिऱ्हाड हलवणं. मार्चअखेरीला डेटा करप्ट झाला तर रात्री नऊला फोन कोण उचलतो, एवढीच विक्रेत्याची खरी परीक्षा. ती कुठल्याच यादीत लिहिलेली नसते.

इंडियामार्टचा रस्ता उलट्या टोकाने सुरू झाला. दिनेश अग्रवाल अमेरिकेतली नोकरी सोडून परतले आणि त्यांच्या ध्यानात आलं की परदेशी खरेदीदारांकडे इंटरनेट आहे, आपल्या निर्यातदारांकडे नाही. मग निर्यातदारांची यादी वेबवर टाकायची, परदेशातून ईमेलने आलेली चौकशी छापायची आणि ती निर्यातदाराला फॅक्सने किंवा टपालाने पाठवायची. ज्याला इंटरनेट म्हणजे काय हे माहीत नाही, त्याला इंटरनेटवरून आलेली ऑर्डर हातात कागदावर मिळायची! ही युक्ती मला फार आवडते. पुढे 2008 च्या जागतिक मंदीत परदेशी गिऱ्हाईक आटलं, तेव्हा कंपनीने तोंड देशी बाजाराकडे वळवलं, आणि तेव्हा कुठे वाळूजचा जॉबवर्कवाला तिच्या नकाशावर आला.

तोवर शोधयंत्रांचं राज्य सुरू झालं होतं. आपल्या राजेश जैन यांनी मुंबईतून ‘इंडियावर्ल्ड’ चालवली. तिच्या पोर्टलांत ‘खोज’ नावाचं भारतीय साइट शोधून देणारंही एक होतं. नोव्हेंबर 1999 मध्ये सत्यम इन्फोवेने ते सगळं 499 कोटींना घेतलं आणि वर्तमानपत्रांचे मथळे झाले. गूगलने 2000 साली जाहिरातींचं दुकान उघडलं आणि दोन वर्षांनी त्यात टिचकीमागे बोली आली: कोणत्या शब्दावर कोणाची जाहिरात वर दिसेल, याची. मणींच्या फोनवर जे नाव आधी सांगितलं जाई, त्याचंच हे यांत्रिक रूप. फरक इतकाच की इथे प्रत्येक टिचकीचा हिशेब होता.

यात एक गंमत झाली. माणसांनी बसून, निवडून, वर्गवारी करून बनवलेल्या शुद्ध याद्या मेल्या. याहूची डिरेक्टरी 1994 पासूनची; ती 2014 च्या अखेरीस बंद झाली. जगभरच्या स्वयंसेवकांनी विनामोबदला सांभाळलेली डीमॉझ 2017 साली मिटली. जिवंत राहिल्या त्या धंद्याच्या याद्या. कारण त्या यादी विकतच नव्हत्या. त्या चौकशी विकत होत्या. आपल्या धंद्यातला शब्द वापरायचा तर ‘लीड’.

ही लीड म्हणजे काय, ते मी 2017 च्या उन्हाळ्यात शिकलो. जीएसटी 1 जुलैपासून लागणार हे नक्की झालं होतं. चिकलठाणा सोडून मी तेव्हा एका ओळखीच्या शेडचे हिशेब बघत होतो. मालक म्हणाले, “काका, तुम्हीच बघा काहीतरी सॉफ्टवेअर.” मी एका डिरेक्टरीवर जाऊन ‘बिलिंग व जॉबवर्क, तीन युजर’ अशी गरज भरली आणि चहा घ्यायला उठलो. परत येईपर्यंत मोबाइलवर चार मिस्ड कॉल. दिवस मावळेपर्यंत डोकं उठलं. पुणे, इंदूर, अहमदाबाद, नोएडा. एक जण आपलं सॉफ्टवेअर हॉस्पिटलसाठी आहे हे कबूल करूनही डेमो द्यायला तयार. शहरातले म्हणाल तर दोनच, आणि त्यातला एक फक्त टॅलीचं लायसन्स विकणारा. माझी एक गरज एकाच वेळी कितीतरी जणांना विकली गेली होती आणि प्रत्येकाने तिच्यासाठी पैसे मोजले होते. पुढे आठवडाभर मी अनोळखी नंबर उचलला नाही. त्यात एक-दोन भावी गिऱ्हाइकांचे फोनही बुडाले असणार.

विक्रेत्याची बाजूही ऐकली पाहिजे. सिडकोतला एक सॉफ्टवेअरवाला माझा मित्र आहे. तो म्हणतो, “तुला वीस फोन आले ते दिसतात. मी ज्या वीस लीडांचे पैसे भरले त्यातल्या बारा जणांनी फोनच उचलला नाही, पाच जणांना फुकट हवं होतं, दोन विद्यार्थी होते प्रोजेक्टसाठी.” विसावा? “विसावा तू होतास.” त्याने सबस्क्रिप्शन दोनदा सोडलं आणि दोनदा परत घेतलं. सोडलं की नाव चौथ्या पानावर जातं, आणि चौथ्या पानावर कोण जातो?

जीएसटीने या बाजाराला जी गर्दी दिली, तशी यापूर्वी कधीच झाली नव्हती. 2005 साली राज्यात व्हॅट आला तेव्हाही सॉफ्टवेअरवाल्यांची चांदी झाली होती, पण तेव्हा विवरणपत्र सीएच्या ऑफिसात तयार होई. कारखानदाराला वही चाले. जीएसटीनंतर बिलच सॉफ्टवेअरमधून काढणं सोयीचं झालं. मग ई-वे बिल आलं. महाराष्ट्रात राज्यांतर्गत वाहतुकीला ते 25 मे 2018 पासून. मग ई-इन्व्हॉइस: ऑक्टोबर 2020 ला 500 कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना, आणि मर्यादा पायरीपायरीने उतरत 1 ऑगस्ट 2023 ला 5 कोटींवर आली. पाच कोटी म्हणजे वाळूजच्या गल्ल्यांमधली बरीच शेडं त्यात आली. प्रत्येक पायरीला शोधणाऱ्यांची एक नवी लाट. आणि जॉबवर्कचं जुनं दुखणं नव्या नावाने चालूच: सत्तावन्न-एफ-फोरचं चलन गेलं, कलम 143 आणि आयटीसी-04 आलं. कच्चा माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे. साचे, डाय, जिग यांना मुदत नाही. तीस वर्षांपूर्वी मी ज्याच्यासाठी डोकं धरत होतो, ते आजही तयार सॉफ्टवेअरच्या डेमोत शेवटच्या पाच मिनिटांत ‘कस्टमायझेशनमध्ये होऊन जाईल’ या वाक्याने उरकतात.

या काळात फक्त सॉफ्टवेअरच्याच याद्याही निघाल्या. अमेरिकेतली कॅप्टेरा 1999 ची. तिला 2015 साली गार्टनरने विकत घेतलं. अहमदाबादची सॉफ्टवेअरसजेस्ट, गुरुग्रामची टेकजॉकी या देशी. इथे तारे असतात, परीक्षणं असतात, तुलनेचे तक्ते असतात. तक्ते कामाचे आहेत, हे मान्य. पण तिथे परीक्षण लिहिणारा बहुधा बंगळूरच्या ऑफिसातला असतो आणि त्याला आवडलेली गोष्ट असते डॅशबोर्डचा रंग.

आता वाटचालीतलं सर्वांत मोठं वळण. चौकशा विकता विकता यादीवाल्यांच्या ध्यानात आलं की आपल्याकडे येणारा छोटा व्यापारी सॉफ्टवेअरही शोधतोय. मग तो दुसऱ्याला का द्यायचा? जस्टडायलने ‘जेडी ओम्नी’ नावाने दुकानदारांसाठी वेबसाइट आणि धंदा सांभाळण्याचं सॉफ्टवेअर काढलं. इंडियामार्टने 4 जुलै 2019 ला शेअर बाजारात पाऊल टाकलं आणि त्याच वर्षी ‘व्यापार’ या मोबाइल बिलिंग अ‍ॅपच्या कंपनीत हिस्सा घेतला. 2022 साली तर ‘बिझी’ हे जुनं, नाणावलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर 500 कोटी रुपयांना संपूर्ण विकत घेतलं. मधल्या काळात जस्टडायलच विकलं गेलं: 2021 मध्ये रिलायन्स रिटेलने 40.95 टक्के हिश्शासाठी 3,497 कोटी मोजले आणि पुढे ताबा घेतला. 888 8888 वर फोन उचलणाऱ्या मुलीच्या खुर्चीपासून इथवर पंचवीस वर्षं.

म्हणजे आज यादीचा मालक हाच यादीतल्या काही मालाचाही मालक आहे. मोंढ्यात अडत्यानेच स्वतःचा माल काट्यावर आणावा तसं. काही वावगं आहे असं मी म्हणत नाही, बिझी काही इंडियामार्टचं झाल्यावर वाईट झालं नाही. पण काट्याकडे बघण्याची आपली नजर बदलायला हवी, आणि ती बदललेली मला तरी दिसत नाही. आमच्या उद्योजकांच्या संघटना, सीएमआयए काय किंवा मसिआ काय, सभासदांसाठी आवाज उठवतात, मसिआ ‘अ‍ॅडव्हान्टेज महाराष्ट्र’सारखं भलं मोठं प्रदर्शन भरवते, वाळूजला ऑटो क्लस्टर आहे. पण कोणत्या शेडमध्ये कोणतं सॉफ्टवेअर चालतं आणि कोणाचा माणूस रात्री फोन उचलतो, एवढी एक साधी यादी सभासदांनी सभासदांसाठी केली तर तिला गूगलच्या पहिल्या पानाची गरजच पडणार नाही. आज ती यादी चहाच्या टपरीवर आहे, तोंडी.

नावाच्या बदलाने यादीवाल्यांची आणि विक्रेत्यांची वेगळीच तारांबळ उडवली आहे. जून 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने संभाजीनगर ठरवलं, जुलैत नव्या सरकारने त्यापुढे छत्रपती जोडलं, पुढच्या फेब्रुवारीत शहराला केंद्राचा शिक्का, सप्टेंबर 2023 मध्ये जिल्ह्याचं आणि विभागाचं नाव. शोधणारा मात्र सकाळी एक नाव लिहितो, दुपारी दुसरं, आणि घाईत असला की नुसतं ‘वाळूज’. सिडकोतल्या माझ्या मित्राने आपल्या नोंदीत तिन्ही घातली आहेत. त्याला भीती ही की जुनं नाव काढलं तर बारा वर्षांत जमवलेले तारे आणि शेरेही जातील. नकाशावरची त्याची खूण अजून जुन्या ऑफिसवर आहे, तो कधीच गारखेड्याला हलला. गिऱ्हाईक जुन्या पत्त्यावर जातं, तिथला झेरॉक्सवाला त्याला रस्ता सांगतो.

त्या शेडमधल्या मालकाला मी याच मित्राचा नंबर दिला. यादीत तो सातव्या क्रमांकावर होता. फोन लावला तर एंगेज. दहा मिनिटांनी त्याचाच उलट फोन आला, आणि उशिरा का, याचं कारण सांगताना तो स्वतःच हसत होता. फोन होता बिहारच्या औरंगाबादहून. तिथला एक राइस मिलवाला डिरेक्टरीवरून चुकून त्याच्याकडे आला होता, वर्षभरापूर्वी. “भैया, आप कब आओगे?” असं त्याने विचारल्यावर गाव कोणतं ते उघडकीला आलं. पण तोवर डेमो आवडला होता. एनीडेस्कवरून सॉफ्टवेअर बसलं. आता तिथे त्याची तीन गिऱ्हाइकं आहेत आणि महिनाअखेर आली की सगळ्यांत आधी फोन तिथून येतो.

“तुमच्याकडे मात्र मी स्वतः येतो,” तो मालकाला म्हणाला. “उद्या सकाळी साडेदहा. तुमची मागच्या महिन्याची चलनं तेवढी काढून ठेवा.”